निळा की लाल? वंडर मॅनचा खटला

"बॅटमॅन सुपरहिरो नाहीच मुळी. त्याच्याकडे पॉवर कुठेय? नुसता पैसा आहे." मे महिन्यात भाचरं जमली की आमच्याकडे हा वाद ठरलेला. मग कोणी आयर्न मॅनला बाद करतं, कोणी शक्तिमानला आत घेतं, आणि आंब्याच्या फोडी करता करता आजी निकाल देते, "आमच्या मारुतीरायापुढे सगळे पाणी भरतात." वाद मिटत नाही, जेवायची वेळ होते एवढंच.

हाच वाद १९३९ साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात झाला होता. वकील लावून, शपथेवर साक्षी घेऊन. आजीचा मुद्दाही तिथे मांडला गेला, फक्त मारुतीच्या जागी हर्क्युलिस होता. सुपरहिरो म्हणजे काय यावर हवेतल्या गप्पा पुष्कळ होतात. पण समोरचा माणूस त्यात बसतो की नाही हे ठरवायची वेळ आली की नेमकं काय काय मोजावं लागतं, ते मला या प्रकरणाइतकं स्वच्छ कुठे दिसलं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

एक अंक आला आणि गेला

जून १९३८ अशी तारीख छापलेला 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक. किंमत दहा सेंट. मुखपृष्ठावर निळ्या घट्ट कपड्यांतला एक माणूस हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटतोय आणि आजूबाजूचे पळत सुटलेत. लेखक जेरी सीगल, चित्रकार जो शुस्टर. दोघंही क्लीव्हलंडचे, दोघंही तेवीस वर्षांचे. सुपरमॅनचे हक्क त्यांनी १३० डॉलरला लिहून दिले होते. त्या व्यवहाराचं दुखणं त्यांना जन्मभर पुरलं, पण ती वेगळी कथा.

तेव्हाचा सुपरमॅन उडत नव्हता. एका उडीत मैलाचा आठवा भाग, म्हणजे बरोब्बर एक फर्लांग, तोडायचा. वीस मजली इमारत ओलांडायचा, एक्स्प्रेस गाडीच्या पुढे धावायचा, आणि तोफेच्या गोळ्याखेरीज कशानेही त्याच्या कातडीला ओरखडा येत नसे. आता पहिल्याच अंकात हा करतो काय ते बघा. मृत्युदंड झालेल्या निरपराध बाईला वाचवतो. बायकोला बडवणाऱ्या नवऱ्याची भिंतीवर आपटून चंपी करतो. वॉशिंग्टनमधल्या सिनेटरच्या मागे लागलेल्या एका दलालाला धरतो. तिसऱ्या अंकात तर एका खाणमालकाला, त्याच्या पार्टीतल्या पाहुण्यांसकट, त्याच्याच खाणीत अडकवून ठेवतो, मजुरांचं जिणं काय असतं ते अंगावर कळावं म्हणून. परग्रहावरचे राक्षस वगैरे नंतरची भर. सुरुवातीचा सुपरमॅन एखाद्या तापट युनियन पुढाऱ्यासारखा वागत होता.

अंक धडाधड खपू लागला आणि ही बातमी धंद्यात पसरायला वेळ लागला नाही. व्हिक्टर फॉक्स नावाच्या प्रकाशकाने विल आयस्नर आणि जेरी आयगर यांच्या स्टुडिओकडून आपलं मासिक करून घेतलं. 'वंडर कॉमिक्स', अंक पहिला, मे १९३९. त्यातला मुख्य नायक वंडर मॅन. एरवीचा हा फ्रेड कार्सन, बुजरा रेडिओ इंजिनिअर. तिबेटात एका योग्याने त्याला जादूची अंगठी दिलेली, त्यातून सगळं बळ. हा तिबेटी योगी फेटा बांधून बसलेला आहे! तिबेट, योगी आणि फेटा ही खिचडी त्या काळच्या अमेरिकेत डोळे झाकून खपायची. तर हा कार्सन वेळ आली की साधे कपडे उतरवतो आणि आतून लाल घट्ट पोशाखातला, सोनेरी केसांचा वंडर मॅन निघतो.

सुपरमॅनच्या मालकांनी, म्हणजे डिटेक्टिव्ह कॉमिक्स कंपनीने, मार्च १९३९ मध्येच दावा ठोकला. (अंकावर पुढच्या महिन्यांची तारीख टाकायची पद्धत असल्यामुळे मे महिन्याच्या अंकावर मार्चमध्ये खटला होऊ शकला.) प्रतिवादी फॉक्सची ब्रन्स पब्लिकेशन्स आणि तिचे वितरक. एप्रिलमध्ये सुनावणी झाली. निकाल फॉक्सच्या विरुद्ध गेला. अपिलाचा निकाल एप्रिल १९४० मध्ये लागला, त्यातही फॉक्स हरला. वंडर मॅनची सारी कारकीर्द एका अंकाची.

दोन न्यायाधीश

खालच्या कोर्टात जॉन वूल्झी, वर अपिलात ऑगस्टस हँड. ही जोडी आधीच गाजलेली होती. जेम्स जॉइसची 'युलिसिस' अश्लील नाही, असा निकाल १९३३ मध्ये याच वूल्झींनी दिला होता आणि १९३४ मध्ये याच हँडनी तो उचलून धरला होता. विसाव्या शतकातल्या सर्वांत अवघड कादंबऱ्यांपैकी एक वाचून झालेल्या दोघा गृहस्थांपुढे आता दहा सेंटवाली दोन कॉमिक्स ठेवली गेली. त्यांनी तीही तितक्याच मन लावून वाचली, याचं मला अजून कौतुक वाटतं.

हँड यांनी निकालपत्रात दोन्ही नायकांची कामं ओळीने शेजारी शेजारी मांडली आहेत. दोघंही बळ साध्या कपड्यांखाली दडवतात आणि ते उतरवले की कसरतपटूसारख्या अंगाबरोबर बसणाऱ्या पोशाखात उभे राहतात. दोघांनाही दीनदुबळ्यांचा कैवारी म्हटलंय. दोघंही पौर्णिमेच्या चंद्राच्या दिशेने रात्रीत धावत जाताना दाखवलेत. दोघंही हाताने बंदूक चुरगाळतात. दोघांवरही तीन तीन माणसं गोळ्या झाडतात आणि दोघांनाही काही होत नाही. सुपरमॅन अंगावर गोळी अडवतो, वंडर मॅन तोफगोळे झेलून परत फेकतो. एक इमारतींवरून उडी मारून जातो, दुसरा एका इमारतीवरून दुसरीवर. दोघंही पोलादी दार फाडू शकतात. दोघंही जगातले सर्वांत बलवान, आणि दोघंही अन्यायाशी लढणारे. हे सांगता सांगताच हँड शांतपणे नोंदवतात की खरा फरक एवढाच, सुपरमॅनचा पोशाख निळा आणि वंडर मॅनचा लाल.

चंद्राकडे धावण्याचा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. बलवान माणूस बंदूक मोडणार हे कोणालाही सुचेल, ते चोरायची गरज नाही. पण काम उरकल्यावर कोणाची वाट न बघता, आभार न घेता, पाठमोरा रात्रीत धावत जाणं ही बळाची गोष्टच नाही. ती या माणसाचं जगाशी नातं काय आहे त्याची गोष्ट आहे. नक्कल तिथे पकडली गेली.

आजीचा मुद्दा

फॉक्सच्या वकिलांचा बचाव अगदी आपल्या घरातला होता. म्हणणं असं की यात नवीन काय आहे? बलवान, अभेद्य, दुष्टांना ठोकणारे वीर पुराणकथांत पहिल्यापासून आहेत. सुपरमॅनच जर जुन्या वीरांवरून उचललेला, तर त्यावर हक्क कसला सांगता?

हँड यांनी हा मुद्दा जुनाच आहे म्हणून बाजूला सारला. लेखकाने विनोदी हर्क्युलिस रंगवला असेल तर असो. एखाद्या ठोकळ साच्यापेक्षा जास्त काही त्यात असेल तर तेवढं त्याचं, भलेही ते सामान्य असेना. पुढे त्यांनी एक टोलाही हाणला आहे. ही मासिकं विनोदी म्हणण्यापेक्षा मूर्खपणाची म्हणता येतील, पण त्यातली प्रसंगांची मांडणी मूळ लेखकाची आहे.

मात्र त्यांनी दुसरी बाजूही सांभाळली, आणि माझ्या मते निकालाचा गाभा तिथे आहे. खालच्या कोर्टाचा मनाई हुकूम फार पसरट होता. तो तसाच राहिला असता तर अचाट ताकदीचा कोणताही नायक छापायची चोरी झाली असती. हँड यांनी तो आखडता घेतला. लोकांचं भलं करणारा महाबली, एवढ्यावर कोणाची मक्तेदारी नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. म्हणजे सुपरमॅन मालकाचा, पण सुपरमॅनसारख्यांची जात सगळ्यांना मोकळी. ते दार उघडं राहिलं म्हणूनच पुढच्या वर्षांत डझनांनी सुपरहिरो जन्मले. त्यातल्या कॅप्टन मार्व्हलवर त्याच कंपनीने नंतर वेगळा खटला चालवला. तो बारा वर्षं रेंगाळला आणि १९५३ मध्ये फॉसेट या प्रकाशकाने तडजोडीत चार लाख डॉलर देऊन संपवला.

साक्ष

विल आयस्नर तेव्हा बावीस वर्षांचा. पुढे हा अमेरिकन कॉमिक्सचा आदरणीय बुजुर्ग झाला. त्या धंद्यातला सर्वांत मानाचा पुरस्कार त्याच्याच नावाचा आहे. उतारवयात तो सांगायचा की फॉक्सने मला सुपरमॅनसारखा नायक करायला सांगितलं होतं आणि कोर्टात मी ते खरं खरं सांगून टाकलं. १९८६ च्या एका आत्मकथनपर चित्रकथेतही त्याने तोच प्रसंग रंगवला. २०१० मध्ये मूळ साक्षीची नोंद एका कॉमिक्स-इतिहासकाराने उजेडात आणली. त्यात आयस्नर शपथेवर सांगतो आहे की वंडर मॅन माझ्याच डोक्यातून आला, सुपरमॅनचा त्याच्याशी संबंध नाही.

बावीस वर्षांचं पोर, स्टुडिओ नुकता उभा केलेला, आणि समोर मोठं गिऱ्हाईक. मी त्याला फार दोष देणार नाही. साठ-सत्तरीत आपण तरुणपणी कसं वागायला हवं होतं ते आठवणीच्या जागी येऊन बसतं, हे सगळ्यांचंच होतं. पण खटल्याच्या दृष्टीने यातून एक बरं निघालं. आयस्नरच्या शब्दावर काहीच ठरलं नाही. ठरलं ते छापील पानांवर.

यादीतले तीन ढीग

हँड यांची यादी नीट चाळली की तिचे आपोआप तीन ढीग होतात. बंदूक, दार, गोळ्या, उड्या हा शक्तीचा ढीग. दीनदुबळ्यांचा कैवार, अन्यायाशी झुंज हा दुसरा. आणि साध्या कपड्यांखालचा घट्ट पोशाख, दुहेरी आयुष्य, हा तिसरा. पीटर कूगन या अमेरिकन अभ्यासकाने सुपरहिरोची व्याख्या याच निकालाचा आधार घेऊन केली आहे: कार्य, शक्ती आणि ओळख. मी मराठीत त्यांना वसा, शक्ती आणि वेष म्हणेन. 'मिशन'ला वसा हा शब्द चपखल बसतो. आपल्या कहाण्यांमधला वसा ज्याने घेतला त्याला उतता येत नाही, मातता येत नाही आणि तो टाकता तर अजिबात येत नाही.

आता भाचरांच्या प्रश्नाकडे. हे तीन सारख्या वजनाचे आहेत का? 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ज्या सत्ताविसाव्या अंकात बॅटमॅन प्रथम आला त्यावरची तारीख मे १९३९ आहे. म्हणजे 'वंडर कॉमिक्स'चाच महिना! वंडर मॅनने आमच्या शक्ती चोरल्या म्हणून जी कंपनी कोर्टात भांडत होती, तीच त्या महिन्यात एकही शक्ती नसलेला नायक विकत होती. आणि वाचकांनी त्याला सुपरमॅनच्या शेजारी बसवायला क्षणभरही खळखळ केली नाही. वेष पक्का होता, आणि आईबापांच्या खुनानंतर घेतलेला वसा त्याहून पक्का. शक्तीची कमतरता कोणाच्या लक्षातही आली नाही. (माझ्या एका भाच्याच्या आली, पण तो वकील होणार आहे.)

मारुतीचं उलट. शक्ती म्हणाल तर भीमरूपी स्तोत्र ही शक्तींची यादीच आहे, आणि ती हँड यांच्या यादीपेक्षा कितीतरी दांडगी. मारुती वेषही पालटतो. रामाला पहिल्यांदा भेटतो तो भिक्षूच्या रूपात. पण ते सोंग तेवढ्या प्रसंगापुरतं, काम झालं की गळून पडतं. सुपरमॅनचं साध्या कपड्यांतलं रूप असलेल्या क्लार्क केंटसारखा रोज सकाळी चष्मा लावून कचेरीत जाणारा दुसरा मारुती कुठे नाही. शिवाय स्वतःचं बळ तो जगापासून लपवत नाही, तो ते स्वतःच विसरलेला असतो आणि जांबवंताला त्याची आठवण करून द्यावी लागते. आणि वसा? तो रामाचा दास आहे, काम रामाचं आहे. म्हणून आजीला मी सांगतो की मारुतीला सुपरहिरो म्हणू नये. त्यात त्याला बढती मिळत नाही. आजीला हे पटतं, पण 'पाणी भरतात' हे ती मागे घेत नाही.

वेताळाचं काय करायचं

माझ्या पिढीच्या मराठी वाचकापुढे खरा पेच वेगळाच आहे. आमचा पहिला मुखवटेवाला सुपरमॅन नव्हताच, तो वेताळ होता. ली फॉकचा 'फँटम' अमेरिकन वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाला, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं आणि मराठीत तो वेताळ झाला.

त्याला हँड यांच्या यादीवर घासून बघा. घट्ट पोशाख आहे, आणि तो सुपरमॅनच्या आधीचा. मुखवटा आहे, बाहेर शहरात जाताना कोट-टोपी-काळ्या चष्म्याखालचं मिस्टर वॉकर हे नाव आहे. वसा तर असा की डोळे पांढरे व्हावेत. १५३६ साली चाच्यांनी बाप मारला, तेव्हा मुलाने मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली की चाचेगिरी, हाव, क्रौर्य आणि अन्याय यांचा नायनाट करीन, आणि माझी मुलं-नातवंडं हेच करतील. आपण वाचायचो तो एकविसावा. पण शक्तीच्या रकान्यात भोपळा. गोळी लागली तर रक्त येतं. आधीचे वीस मेलेत म्हणून तर हा एकविसावा आहे. कोर्टाच्या यादीने तो बाद होतो.

मला तो बाद करवत नाही, आणि त्यामागे नुसता बाळपणीचा जिव्हाळा नाही. जंगलात सगळ्यांची खात्री आहे की हा चारशे वर्षं मेलेला नाही. समोर उभा राहिला की गुंडाचा हात थरथरतो, आणि जबड्यावर अंगठीची कवटी उमटली की ती जन्मभर राहते. शक्ती त्याच्या अंगात नाही, समोरच्याच्या मनात आहे. परिणामात फरक किती पडतो? बॅटमॅनही गुन्हेगारांच्या भीतीवरच तर जगतो. मी तरी असंच मानतो की वसा आणि वेष हे दोन पक्के असले की शक्तीचं काम दबदब्यावर भागतं.

इंद्रजालमध्ये हे नाव ज्यांनी निवडलं त्यांच्या मनात विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ असेल. पण कोकणातल्या वाचकाला दुसराच आठवतो. सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. नवस फेडायला लोक तिथे केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्याथोरल्या चपला वाहतात. कोणाही माणसाच्या पायात न बसणाऱ्या त्या चपला देवळात ओळीने मांडलेल्या दिसतात. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. गोव्यात हाच राखणदार बेताळ म्हणून उभा आहे. इंग्रजी कॉमिक्समध्ये फँटमचं बिरुद 'चालणारं भूत' अशा अर्थाचं होतं. आपल्याकडे चालणारं भूत आधीच होतं आणि त्याच्या पादत्राणांची सोय गाव करत होतं. मूर्ती कोणी हललेली पाहत नाही, झिजलेला तळवा मात्र सगळे पाहतात. जबड्यावरची कवटी आणि चपलेचा झिजलेला तळवा, मला दोन्ही एकाच जातीचे पुरावे वाटतात.

पुढे काय झालं

जातीवर मक्तेदारी नाही, असं हँड म्हणाले होते. पण मोठ्या कंपन्या शब्दाच्या मागे गेल्या. डीसी (म्हणजे सुपरमॅनचे मालक) आणि मार्व्हल या हाडवैरी कंपन्यांनी 'सुपर हिरोज' हा ट्रेडमार्क चक्क भागीदारीत नोंदवून घेतला आणि चाळीसेक वर्षं तो बाळगला. ब्रिटनमधल्या एका छोट्या कंपनीने त्याला आव्हान दिलं. दोघांनीही मुदतीत उत्तर दिलं नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन ट्रेडमार्क मंडळाने त्या नोंदण्या रद्द केल्या. आता शब्दही मोकळा आहे.

व्हिक्टर फॉक्स काही गप्प बसणारा नव्हता. दुसऱ्या अंकात त्याने वंडर मॅनच्या जागी यार्को नावाचा जादूगार आणला. त्यालाही फेटा होताच. आणि खटल्याचा पहिला निकाल ताजा असतानाच, ऑगस्ट १९३९ च्या तारखेच्या अंकात, आणखी एक नायक काढला: ब्लू बीटल. दिवसा पोलीस शिपाई डॅन गॅरेट, रात्री मुखवटा चढवून गुन्हेगारांच्या मागे. लवकरच त्याला ताकद देणारं व्हिटॅमिन टू-एक्सही मिळालं. म्हणजे वसा, शक्ती, वेष, सगळं रीतसर. हा मात्र वर्षानुवर्षं छापला गेला. फॉक्सचा धंदा बुडाल्यावर तो चार्ल्टन कंपनीकडे गेला, आणि १९८० च्या दशकात तिच्याकडून विकत घेतला तो सुपरमॅनच्या मालकांनीच. २०२३ मध्ये त्यांच्याच घरातून त्याच्या नावाचा सिनेमा आला.

पोशाखाचा रंग निळा.